पाया किती खाली लागतो?

माझे वडील गवंडी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात भिंती उभ्या करण्यात त्यांचा जन्म गेला. ज्वारीसाठी ती माती सोनं आहे, पण घरासाठी वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून अण्णा नव्या जागेवर गेले की आधी एकच गोष्ट विचारतात, "मुरूम किती खाली लागतो?" ते कळल्याशिवाय त्यांचा ओळंबा पिशवीतून बाहेर येत नाही.

मी सिव्हिल केलं आणि मास्टर्ससाठी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला गेले. तिथून 2024 च्या जानेवारीत एका सत्रासाठी स्वालबार्ड बेटांवर जायचं ठरलं, 78 अंश उत्तरेला, गोठलेल्या जमिनीवर बांधकाम कसं करतात ते शिकायला. फोनवर सांगितलं तेव्हा आईने आधी अस्वलांचं विचारलं, मग थंडीचं. अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथं पाया किती खाली लागतो?"

"बघून सांगते," मी म्हटलं. नीट सांगता यायला पाच महिने लागले.

जायच्या तयारीबद्दल आधी थोडं, कारण बरेच जण विचारतात. लाँगयरब्येन या तिथल्या मुख्य गावात 1993 पासून एक विद्यापीठ केंद्र आहे आणि तिथे शिकायला शिकवणी फी नाही. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही हे खरं. 1920 च्या पॅरिस कराराने ही बेटं नॉर्वेच्या ताब्यात गेली, पण सह्या करणाऱ्या देशांच्या लोकांना तिथे राहायची, कामधंदा करायची समान मोकळीक मिळाली. त्या सह्यांमध्ये, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून का होईना, भारताचंही नाव आहे. पण विमान ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरून जातं, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्याला दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा हवा, नाहीतर परतताना अडकायला होतं. माझ्याकडे नॉर्वेचं निवासकार्ड होतं, म्हणून पासपोर्ट तपासणीपलीकडे काही झालं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हिसा नसला तरी आधारही नाही. स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर तिथला राज्यपाल माणसाला परत पाठवू शकतो.

सामानात आईने कडक भाकरीची चवड आणि दोन किलो शेंगाचटणी कोंबली होती. कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या कोरड्या हवेत तर ती सोलापुरापेक्षाही कुरकुरीत राहिली.

विमान दुपारी उतरलं आणि बाहेर मध्यरात्र होती. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येत नाही हे माहीत होतं. पण जेवायच्या वेळेला आभाळात चांदण्या बघून पोटात कसंतरी झालं. बसच्या खिडकीतून गाव दिसलं. दोन्ही बाजूंना सपाट माथ्याचे डोंगर, मधली अरुंद दरी, तांबड्या-पिवळ्या-हिरव्या लाकडी घरांच्या ओळी. लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास, पण माणसं पन्नासहून जास्त देशांची. नॉर्वेजियनांखालोखाल थाई आणि फिलिपिनो. आजूबाजूला एकही झाड नाही, शेत नाही. 1906 मध्ये जॉन मनरो लाँगयर नावाच्या अमेरिकनाने कोळशासाठी ही वसाहत बसवली. त्याचं नाव आणि शहर या अर्थाचा 'ब्येन', असं ते लाँगयरब्येन. दहा वर्षांनी खाणी नॉर्वेजियन कंपनीकडे गेल्या.

पण माझी नजर घरांच्या खाली होती. एकाही घराला जोतं नव्हतं! सगळी घरं लाकडी खांबांवर, जमिनीपासून हात-दीड हात उचललेली, आणि खालून वारं आरपार वाहतंय. पाण्याचे, सांडपाण्याचे, घरं गरम ठेवणाऱ्या पाण्याचे नळसुद्धा जमिनीत पुरलेले नाहीत, वरूनच नेलेत. गवंड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते गाव अर्धवट बांधून सोडल्यासारखं वाटलं.

पहिला आठवडा वर्गात बसलोच नाही. केंद्रात कुठलाही विषय शिकायला आलात तरी आधी सुरक्षेचं शिक्षण पुरं करावं लागतं. गावाची हद्द संपते तिथे पांढऱ्या अस्वलाच्या चित्राची पाटी आहे, आणि त्या पाटीपलीकडे अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असल्याशिवाय जायचं नाही. म्हणून आधी रायफल. मी आयुष्यात छऱ्याची बंदूकही धरली नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी गोळी झाडायला शिकवण्याआधी दिवसभर फक्त बंदूक रिकामी आहे की नाही हे कसं बघायचं ते शिकवलं. चालताना गोळ्या खालच्या खणात, नळीत एकही नाही. याला तिथे 'अर्धी भरलेली' म्हणतात. अस्वल दिसलं की आधी मागे सरकायचं, मग आवाजाचा, प्रकाशाचा बार, आणि बंदूक अगदी शेवटी. अस्वल मारावं लागलं तर प्रत्येक वेळी चौकशी होते. "तुम्ही त्याच्या घरात आला आहात," हे बाईंनी आठवड्यात किती वेळा सांगितलं असेल.

मग समुद्रावरचा बर्फ. गळ्यात लाकडी मुठीच्या दोन टोकदार सळया अडकवायच्या, बर्फात पाडलेल्या भोकात अंगावरच्या जाड सूटसकट उडी मारायची आणि त्या सळया कडेला रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. पाणी लागताच छाती आवळली, श्वास आतच अडकला. काठावर दोघेजण दोर धरून उभे होते, पण त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलेलं. दुसऱ्या प्रयत्नात मी पोटावर सरपटत बाहेर आले. त्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी माझी कडक भाकरी चटणीशी खाल्ली. एका फिनिश मुलाने ती त्यांच्याकडच्या राय नावाच्या धान्याच्या कडक पावाची बहीण असल्याचं जाहीर केलं.

आठवड्याचा शेवटचा धडा कोसळणाऱ्या हिमकड्यांचा होता, आणि तो सगळ्यात जड गेला. प्रत्येकाच्या अंगावर एक छोटं यंत्र असतं, ते गाडल्या गेलेल्या माणसाच्या यंत्राचा संकेत पकडतं. संकेताच्या मागे जायचं, लांब काठी खुपसून माणूस चाचपायचा, मग फावड्याने उकरायचं. सराव गावाबाहेर होता. पण शिकवणाऱ्यांनी परतताना आम्हाला मुद्दाम गावातल्या एका मोकळ्या पट्ट्याशी थांबवलं. वर सुकरटोपेन डोंगर, खाली उताराला काहीच नाही. 19 डिसेंबर 2015 ला, शनिवारी सकाळी, रात्रभराच्या वादळानंतर या डोंगरावरून बर्फ सुटला आणि अकरा घरं पायांवरून उचलून पुढे ढकलली गेली. एक पुरुष आणि एक दोन वर्षांची मुलगी गेली. सूर्य नसलेला महिना, काळोखात सगळं गाव फावडी घेऊन धावलं होतं. 2017 च्या फेब्रुवारीत पुन्हा घरांवर बर्फ आला. त्यानंतर डोंगराखालची शंभराहून जास्त घरं पाडली आणि वर उतारावर बर्फ अडवणारी पोलादी कुंपणं बसवली. गेली कित्येक दशकं लोक तिथे राहत होते आणि त्यांना ती जागा सुरक्षित वाटत होती. कोळसा होता म्हणून गाव इथे बसलं. जागा घरांसाठी चांगली आहे का, हे खाण काढणाऱ्यांनी आधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मग वर्ग सुरू झाला, आणि अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू हाताला लागायला लागलं.

फेब्रुवारीत आम्ही आडव्हेंटदालेन दरीत जमीन खोदायला गेलो. स्नोमोबाइलला तिथे सगळे 'स्कूटर' म्हणतात. स्कूटरमागच्या घसरगाडीवर ड्रिल बांधलेलं. उणे वीसच्या आसपास थंडी, दक्षिणेकडे आभाळात गडद निळा उजेड. दोघांनी ड्रिलच्या मुठी धरायच्या, तिसऱ्याने पोकळ नळ्या जोडत जायचं. पहिली नळी वर आली, तिच्यातून मक्याच्या कणसाएवढा लांब मातीचा तुकडा ढकलून बाहेर काढला. तो दगडच होता. हातोडीने वाजवला तर खणखणला. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर करड्या मातीत आडव्या पारदर्शक रेघा, काचेच्या बांगडीएवढ्या जाड, एकाखाली एक. निव्वळ बर्फाच्या. माती गोठायला लागली की खालचं पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढलं जातं आणि तिथे बर्फाचा पापुद्रा धरतो. पापुद्रा जाड झाला की वरची जमीन उचलली जाते. मी मनात म्हटलं, ही तर आपली काळी! तीही पाणी पिऊनच घर उचलते.

प्रयोगशाळेत परतल्यावर शिक्षकांनी एक तुकडा मुद्दाम टेबलावर ठेवला, बाकीचे थंड खोलीत नेले. आम्ही कोट काढले, कॉफी ओतून घेतली. वीसेक मिनिटांत त्या दगडाच्या कडा चमकायला लागल्या, मग तो बसका झाला आणि शेवटी ताटलीत पातळ चिखल पसरला. त्यांनी बोटाने थोडा उचलून जिभेला लावायला सांगितलं. खारट. ही दरी कधीकाळी समुद्राच्या तळाशी होती, मीठ अजून मातीत आहे, आणि खारी माती शून्याच्या खालीसुद्धा पुरती गोठत नाही. म्हणून ती ओझ्याखाली हळूहळू सरकते.

त्या ताटलीकडे बघताना घरांखालच्या मोकळ्या जागेचा अर्थ लागला. दरीत जमीन सुमारे शंभर मीटर खोलपर्यंत गोठलेली आहे, डोंगरांत तर चारशे-पाचशे मीटरपर्यंत. वरचा मीटरभर थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. घर थेट जमिनीवर ठेवलं तर घराच्याच उबेने जमीन वितळणार आणि घर आपल्याच चिखलात बसणार. म्हणून घर उचलायचं आणि खालून वाऱ्याला वाट ठेवायची. खांब कसे रोवतात? भोक पाडायचं, लाकडी खांब उतरवायचा, भोवती वाळू आणि पाणी ओतायचं आणि गोठू द्यायचं. सिमेंट नाही, काही नाही. थंडीच त्याला धरून ठेवते. गोठलेल्या थरात लाकूड वर्षानुवर्षं खणखणीत राहतं. कुजतं ते वर, जिथे दर उन्हाळ्यात ओल आणि हवा पोचते तिथे.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मुरमापर्यंत जात नाहीत. बर्फालाच मुरूम धरतात."

यापेक्षा नेमकं मला आमच्या पुस्तकातही सापडलं नाही.

सूर्य गावात 8 मार्चला आला. क्षितिजावर तो फेब्रुवारीच्या मध्यातच येतो, पण डोंगर आडवे असल्याने गावावर ऊन पडायला तीन आठवडे जास्त लागतात. जुन्या दवाखान्याच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या आहेत, तिथे सगळं गाव जमतं. शाळेतल्या मुलांनी चेहऱ्याभोवती पिवळ्या पाकळ्या लावलेल्या. दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास मुलं सूर्याला ओरडून हाका मारायला लागली, आणि पायऱ्यांवर खरंच ऊन पडलं. माझ्या शेजारच्या थाई बाईंनी डोळे मिटून चेहरा वर केला. मी तर रडलेच. आपल्याकडे उन्हाला कोण कधी हाक मारतं?

एप्रिलच्या विसापासून सूर्य मावळायचा थांबला आणि गाव नीट पायी फिरता आलं. तेव्हा कबरस्तानात गेले. उतारावर पांढरे क्रॉस, त्यांत 1918 च्या साथीत गेलेल्या सात तरुण खाणकामगारांचे. 1998 मध्ये संशोधकांनी त्या कबरी उघडल्या. आशा अशी की गोठलेल्या जमिनीत तो फ्लूचा विषाणू शाबूत सापडेल. पण पेट्या गोठलेल्या थरात नव्हत्याच, त्याच्या वर, दर वर्षी वितळणाऱ्या मातीत होत्या. 1950 नंतर इथे पेटीत पुरणं बंद झालं, कारण गोठणारी जमीन पुरलेलं वर ढकलते. आता राखेचा कलश पुरता येतो. आणि बाळंतपणाची सोय नाही, म्हणून दिवस भरायच्या तीनेक आठवडे आधी बाया मुख्य भूमीवर जातात. 'या गावात मरायला बंदी आहे' असा मथळा इंटरनेटवर फिरत असतो, तसा कुठलाही कायदा नाही. छोटा दवाखाना आहे, आणि शेवटची वर्षं दुसरीकडे काढावी लागतात. हे कळल्यावर मला त्या मथळ्याचा राग यायला लागला. इथली माणसं आपलं म्हातारपण कुठे जाईल हे माहीत असून रोज एकमेकांच्या दारातला बर्फ उपसतात.

दाराशी बूट काढायची पद्धतही तिथलीच. खाणीतून आलेल्या माणसाच्या बुटाला कोळशाची पूड असायची. आता संग्रहालयात, काही हॉटेलांतसुद्धा बूट काढून आत जातात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटायचं. पण ती पद्धत जिथून आली ती खाण संपत आली होती. गावातलं कोळशाचं वीजघर मी जायच्या आधीच, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद होऊन डिझेलवर गेलं होतं. कोळशाचे ट्रक मात्र तेव्हा सातव्या नंबरच्या खाणीतून दरीच्या रस्त्याने खाली यायचे. 2025 च्या जूनअखेर तीही बंद झाली.

विमानतळाच्या वरच्या डोंगरात बियाण्यांचं भांडार आहे, 2008 मध्ये उघडलेलं. आत जाऊ देत नाहीत, पण मी दारापर्यंत चालत गेले. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या संशोधन केंद्राने पाठवलेली ज्वारीची, तुरीची, हरभऱ्याची वाणं त्या डोंगराच्या पोटात आहेत. मंगळवेढ्याच्या मुलीला तिथे उभं राहून काय वाटलं ते लिहिता येत नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस झाला आणि त्याच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्यांपर्यंत पोचलं नाही. पण बोगदा खणल्यावर भोवतीची जमीन पुन्हा गोठेल असं जे गृहीत धरलं होतं, तसं ती गोठली नव्हती. नंतर काँक्रीटचा नवा, पाणी न शिरणारा बोगदा बांधावा लागला.

ही एकटीदुकटी गोष्ट नाही. 2020 च्या जुलैत या गावात 21.7 अंश तापमान नोंदलं गेलं. आडव्हेंटदालेन दरीतच आत, यानसनहाउगेनला 1998 मध्ये खोदलेलं शंभर मीटरचं एक भोक आहे, त्यात वेगवेगळ्या खोलीवर तापमापक सोडलेत. दर वर्षीच्या आकड्यांचा आलेख वर चढत गेलेला आम्ही वर्गात काढला. जमीन अजून गोठलेलीच आहे. पण उणे दोनवरची खारी माती आणि उणे सहावरची खारी माती यांत ताटलीतल्या चिखलाएवढं अंतर आहे. त्यामुळे आता बऱ्याच नव्या इमारतींना पोलादी पाइल, म्हणजे खोल रोवलेले खांब, थेट खडकापर्यंत नेतात. खर्च कितीतरी जास्त. जुन्या लाकडी खांबांवरच्या घरांत मात्र भिंतींना तडे आणि अडकणारी दारं. त्या घरांत माणसं राहतात, आणि त्यांतली दोन-तीन घरं मला चहासाठी ओळखीची झाली होती.

त्याच हिवाळ्यात तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या न्यू ओलेसुंडला, गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या 'हिमाद्री' तळावर, डिसेंबर 2023 पासून भारतीय पथक पहिल्यांदाच हिवाळ्यात राहत होतं. माझं तिकडे जाणं झालं नाही. पण ऐन काळोखात आपली माणसं तेवढ्याच अंतरावर आहेत, हा मोठा आधार वाटायचा.

जूनच्या सुरुवातीला दरीतला बर्फ गेला आणि शेवटचं काम आलं. ओळीने खुणा केलेल्या जागी टोकदार लोखंडी सळई जमिनीत दाबायची, टणक लागेपर्यंत. किती खाली गेली ते वहीत लिहायचं. जगभर वितळलेल्या थराची खोली अशीच मोजतात. सळई हातात घेतली आणि मला पहार घेऊन मातीचा अंदाज घेणारे अण्णा दिसले. गावापासून जवळ होतो, फोनला रेंज होती. व्हिडिओ कॉल लावला, फोन मैत्रिणीच्या हातात दिला.

सळई मऊ मातीत वीतभर गेली आणि टक् करून थांबली.

"लागला की मुरूम," अण्णा म्हणाले.

"बर्फ आहे, अण्णा."

"ऐकू आलं मला. वीतभरच?"

"आत्ता वीतभर. सप्टेंबरापर्यंत मीटरभर खाली जाईल."

"आन् धा वर्सांनी?"

मी सळई उपटून फडक्याने पुसली. ओळीतल्या अकरा खुणा अजून मोजायच्या राहिल्या होत्या. अण्णांनी फोन ठेवला नाही. प्रत्येक ठिकाणी सळई थांबली की ते तिकडून आकडा विचारत होते आणि मी सांगत होते.